आजचा बारावा पेशंट

"अकराच झाले. रोज मेला एक कमी पडते," तेजस्विनी लॅपटॉपकडे पाहत पुटपुटली. "साऱ्या गावाले एकदमच कसं बरं वाटून राहिलं, काय माहीत."

हे काही कोणाला ऐकू जावं म्हणून बोललेलं नव्हतं. पण कौशल्याबाई त्या वेळी टेबलाखाली पोछा मारत होत्या, आणि टेबलाखालून सगळंच ऐकू येतं. त्यांनी पोछा बादलीत पिळला, पदराला हात पुसले आणि कंबर धरून उभ्या राहिल्या.

"घे मॅडम, मले बसव."

"मावशी, कालबी तुमालेच बसवलं होतं."

"मंग काय झालं? काल गुडघा होता. आज पाठ कर."

"पाठ सोमवारी झाली."

"तं खाज लिही. खाजीले काही पुरावा लागत नाही."

तेजस्विनीला हसू आलं. कौशल्याबाईंनी ब्लाउजमधून मोबाइल काढला, चष्मा नाकावर चढवला आणि आलेले सहा आकडे पाढे म्हणावेत तसे वाचून दाखवले. पडदा उजळला. डोक्याला हेडफोन लावलेले डॉक्टर संजीव कुठल्याशा दूरच्या शहरातल्या खोलीत बसले होते. मागे निळा पडदा, आजूबाजूला आणखी कोणाकोणाच्या खोकल्याचे आवाज.

"काय त्रास?"

"खाज सुटते साहेब."

"किती दिवस?"

"चार."

"मलम देतो. अंग कोरडं ठेवा. पुढचे."

डॉक्टरांनी मान वर केली नव्हती. घड्याळात चाळीस सेकंदसुद्धा झाले नव्हते. तेजस्विनीने सुस्कारा टाकून लॅपटॉप मिटला, आणि नुकत्याच खाजीने हैराण झालेल्या कौशल्याबाईंनी उरलेला अर्धा पोछा मारायला घेतला.

बेलझरीचं उपकेंद्र पवनीपासून आत अकरा किलोमीटर. कौशल्याबाई तिथल्या अंशकालीन स्त्री परिचर. कागदावर ही चार तासांची नोकरी. ते चार तास कोणते, हे बावीस वर्षांत कोणी ठरवलं नाही, म्हणून दिवसाचे सगळेच तास त्यांचे. झाडणं, पाणी भरणं, भांडी उकळणं, लसीचा डबा आणायला पवनीला जाणं. नर्सबाईंची जागा दोन वर्षं रिकामी होती तेव्हा बाळंतिणींचे हात कौशल्याबाईंनीच धरले. गावात विशीच्या आतलं कोणी भेटलं की त्या त्याच्या तोंडाकडे पाहून सांगत, हा उलटा आला होता, ही रडायलाच तयार नव्हती.

घरी नवरा केवळराम, हातमागावर बसणारा. पवनीचा व्यापारी सूत देतो, हे लुगडं विणून देतात. एकुलती मुलगी शुभांगी तुमसरला दिलेली. असं हे आयुष्य. कोणी त्यावर दोन ओळी लिहाव्यात असं त्यात काही नव्हतं. आणि तरी त्यांच्या नावावर दोन वर्षांत एवढा मजकूर लिहिला गेला, की जिल्ह्यातल्या एखाद्या आमदाराबद्दलही तेवढा लिहिला गेला नसेल.

झालं ते असं. गावोगाव सरकारी कार्डं वाटली होती. मोठं दुखणं आलं की कार्ड दाखवायचं, मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन फुकट. लोकांनी कार्डं दाखवली. मग वरच्या ऑफिसांतल्या कोणाच्या तरी लक्षात आलं, की कार्डाचा खर्च वाढत चालला आहे. लोक उगीचच ऑपरेशनं करून घेतात, असं त्यांना वाटलं असावं. जणू पोट कापून घ्यायची कोणाला हौस असते. तेव्हा ठरलं, की दुखणं आधी गावातच, पडद्यावरच्या डॉक्टरला दाखवायचं. तातडीचं नसलेलं कुठलंही ऑपरेशन कार्डावर व्हायचं, तर आधी पडद्याची चिठ्ठी. पडद्यावर जेवढे लोक बरे होतील, तेवढ्या खाटा वाचतील, तेवढा खर्च वाचेल. हिशेब सरळ होता. आणि तो सरळ आहे हे दिसावं म्हणून प्रत्येक उपकेंद्राला रोज बारा पेशंटांचे फोन बांधून दिले.

पहिला महिना लोक गंमत पाहायला आले. मग धानाची रोवणी लागली. रोवणीत बेलझरीत कुत्रंसुद्धा घरी सापडत नाही, सगळं गाव शेताच्या बांधीत. रोवणी संपली तर नेटवर्क गेलं. ते आलं तर म्हातारे म्हणाले, "हात लावून पाहत नाही तो डाक्टर कायचा?" कधी चार खरे पेशंट, कधी सात. बारा भरले नाहीत तर तेजस्विनीच्या मानधनाला कात्री, आणि महिन्याच्या मीटिंगमध्ये बेलझरीचं नाव लाल अक्षरात. ती उपकेंद्राची आरोग्य अधिकारी, पण कंत्राटावरची पोर, कारध्याहून रोज गाडी हाणत यायची. दर मार्चमध्ये कंत्राट संपताना तिचा जीव टांगणीला लागायचा.

खोटं लिहा, असं तिला कोणीही कधी सांगितलं नाही. फक्त म्हणाले, बारा झाले पाहिजेत. एवढं म्हणून पुरतं. मग उरलेल्या जागी जो हाताशी असेल तो बसू लागला. नळवाला चिंधू, अंगणवाडीची मदतनीस. सगळ्यांत जास्त कौशल्याबाई, कारण त्या कायम तिथंच. त्यांचा मोबाइल चार्ज असायचा आणि कार्ड त्याच नंबरला जोडलेलं होतं.

त्यात पुन्हा 'महिला आरोग्य' म्हणून वेगळा रकाना आला. तोही भरायचा. त्या दिवशी तेजस्विनी बराच वेळ पेनाचं टोपण चावत बसली होती.

"मावशी, अंगावरून जाते असं लिहू का? खूप खूप जाते असं?"

"लिही. चार वर्षं झाले मले बंद होऊन. पण त्याले काय पाहाचं हाय तिकडून?"

परक्या पुरुषापुढे असलं बोलायला त्यांना पहिल्यांदा लाज वाटली. दुसऱ्यांदा थोडी कमी. पाचव्यांदा वाटली नाही. डॉक्टर गोळ्या लिहून द्यायचे, गोळ्या दिल्याची नोंद व्हायची आणि गोळ्या कपाटातच राहायच्या.

वर्षाअखेरीस मोठी मीटिंग झाली. भिंतीवर तक्ता लावला होता. पडदा सुरू झाल्यापासून कार्डाचा खर्च कसा खाली आला त्याची रेघ उतरत उतरत कोपऱ्यापर्यंत गेली होती. बेलझरी उपकेंद्राला प्रमाणपत्र मिळालं. तेजस्विनीने पेढे आणले. कौशल्याबाईंनी एक पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "घ्या बाप्पा, आपल्या खाजीचा पेढा."

दोघी खूप हसल्या होत्या तेव्हा.

दिवाळी झाली. धान कापणीला आलं. एका सकाळी कौशल्याबाईंना लुगड्याला डाग दिसला.

पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःची समजूत घातली की मूळव्याध असेल. दुसऱ्या दिवशी समजूत पटली नाही. बावीस वर्षं बायकांच्या दुखण्यांतच गेलेली, पाळी जाऊन सहा वर्षांनी दिसणारा डाग कशाचा असू शकतो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच त्या आठ दिवस कोणाजवळ बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी मागच्या दोरीवर चादरी वाळत घालताना त्यांनी तेजस्विनीला हाक मारली.

"मॅडम, आज मले बसव."

"आज नाही लागत मावशी. आज लसीकरणाच्या बाया आल्या, तेराच्या वर गेले."

"आकड्यासाठी नाही म्हणत मी."

तेजस्विनीने त्यांच्याकडे पाहिलं. हातातली चादर तिने तशीच दोरीवर टाकली आणि आत जाऊन लॅपटॉप उघडला.

त्या दिवशी कौशल्याबाईंनी आलेले सहा आकडे एक एक करून वाचले. आपलं बोलणं रोजच्यासारखं वाटेल, याची त्यांना भीती वाटली. खरं कसं बोलायचं याचा त्या विचार करू लागल्या, आणि तेवढ्यात डॉक्टर संजीव म्हणाले, "काय त्रास?"

"साहेब, अंगावरून जाते."

डॉक्टरांनी बाजूच्या नोंदी वरखाली केल्या. "हा तुमचा जुनाच आहे. चौदा वेळा दाखवलंय. गोळ्या चालू ठेवा."

"नाही साहेब, आता जाते ते निराळं हाय. पाळी जाऊन सहा वर्षं..."

"हो, होतं कधीकधी. घाबरू नका. त्याच गोळ्या, महिनाभर. पुढचे."

पडदा काळा झाला.

"मावशी, भंडाऱ्याले जाऊन एकदा दाखवून द्या नं," तेजस्विनी हळूच म्हणाली.

"डाक्टर तं गोळ्या घ्या म्हणते."

"म्हणते. पण..."

त्या 'पण'च्या पुढे तिला जाता आलं नाही. पुढे गेलं की चौदा फोनांपाशी जाऊन पोचावं लागलं असतं.

आणि इथं कौशल्याबाईंकडून एक चूक झाली, जी त्यांच्यासारखीच बाई करू शकते. हा पडदा काय आहे ते त्यांच्याएवढं कोणाला माहीत होतं? दोन वर्षं त्या खुर्चीवर त्या खोट्या बसल्या होत्या. पण यावेळी त्या खऱ्या बसल्या होत्या. आपण खरं बोललो म्हणजे समोरूनही खरंच आलं असणार, असं त्यांना वाटलं. डॉक्टर शेवटी डॉक्टर. कपाटातल्या त्या गोळ्यांच्या पट्ट्या त्यांनी घरी नेल्या आणि रोज रात्री जेवण झाल्यावर, न चुकता, एक एक घेतली. एक महिना झाला तर आणखी दहा दिवस घेतल्या.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी त्या मोरीतच बसून राहिल्या, उठवेना. केवळराम त्यांना एसटीने भंडाऱ्याला घेऊन गेला. तिथल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर मंजुषा बोलायला तुटक होत्या, पण त्यांनी हात लावून तपासलं, सोनोग्राफी केली, आतला तुकडा काढून पाठवला. दहा दिवसांनी रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं.

"काकू, गर्भपिशवी काढावी लागेल. या महिन्यातच. हे ऑपरेशन इथे होत नाही, नागपूरला जा. सरकारीत रांग मोठी आहे. कार्डावर आठ दिवसांत होईल."

"वाईट हाय का?"

"आत्ता काढली तर तेवढं नाही. थांबलात तर आहे." त्यांनी कागदावर सही केली. "दवाखान्यात काम करता ना तुम्ही? मग पहिला डाग दिसल्यापासून इतके दिवस काय करत होता?"

कौशल्याबाईंना सांगता आलं नाही की मी गोळ्या घेत होती.

नागपूरच्या दवाखान्यात कार्डाची वेगळी खिडकी होती. खिडकीतल्या बाईने नंबर टाकला. पुन्हा टाकला. मग यंत्रातून एक कागद निघाला आणि त्याच्यामागून आणखी दोन निघाले. ती बाई चांगली होती, तिने वाचून दाखवलं. सदर रुग्णास सदर तक्रारीवर दोन वर्षांपासून दूरसल्ल्याने उपचार सुरू आहेत. प्रकृती नियंत्रणात. तातडी आढळत नाही. मंजुरी नाकारण्यात येत आहे.

"पण डॉक्टरनं लिहून दिलं हाय," केवळराम म्हणाला. "हा रिपोर्ट पाहा नं."

"रिपोर्ट मी पाहीन काका, यंत्र नाही पाहत. त्याला आधीच्या नोंदी दिसतात. याच आजारासाठी पंधरा वेळा दाखवलंय, दर वेळी आराम लिहिलाय. तुम्ही तक्रार टाका, ते सुनावणी घेतील."

केवळराम एसटीत ते कागद उलटेपालटे करत बसला. भाषणात किंवा भांडणात शब्द खर्च करणारा तो माणूस नव्हता. भिवापूर यायच्या सुमारास तो म्हणाला, "खोकला. पाठ. खाज. चक्कर. आखीन खाज. एवढी बिमार होती तू, अन् एका घरात राहून मले माहीत नाही."

"ती मी नव्हती."

"नाव तं तुयंच हाय."

पवनीला उतरताना त्याने कागदांची घडी घालून ते खिशात ठेवले.

रात्री शुभांगीचा तुमसरहून फोन आला. तिला सगळं वडिलांनी सांगितलं होतं. "आई, तू कायले दिला आपला नंबर? कायले बसली तू?"

"ती पोरगी रडकुंडीले यायची वं. आपलं काय जाते, म्हटलं."

"आता गेलं नं मंग. उद्या जा आन् सांगून टाक, सारं खोटं होतं म्हणून."

"तेजस्विनीची नोकरी जाईन."

"अन् तू गेली तं?"

कौशल्याबाईंनी फोन खाली ठेवला. पलीकडच्या खोलीत मागाचा आवाज बंद होता. हात मोकळा असला की केवळराम या वेळी मागावर बसायचाच. आज तो मागाचा धोटा मांडीवर ठेवून नुसता बसून होता.

तक्रार तेजस्विनीनेच भरली. दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. नाव, गाव, कार्डाचा नंबर, सगळं झालं. मग रकाना आला, 'पूर्वीच्या उपचाराचा उपयोग न होण्याचे कारण'. तेजस्विनी तिथं थांबली.

"मी विनोद साहेबांले फोन केला होता," ती म्हणाली. विनोद साहेब म्हणजे कार्डाच्या ऑफिसातले. मीटिंगमध्ये तो उतरता तक्ता तेच दाखवायचे. "ते म्हणाले, नोंद चुकली असं लिहू नका. एकीची चुकली म्हटलं का साऱ्यांच्या तपासतील, साऱ्या उपकेंद्रांच्या. मंग कोणीच वाचत नाही. ते म्हणाले... रुग्णाने औषधे नियमित घेतली नाहीत, असं लिहा. म्हणजे उपचार लागू पडला नाही, म्हणून ऑपरेशन. असं केलं तं बसते नियमात."

"म्हणजे मी गोळ्या नाही घेतल्या."

"हो."

"चाळीस दिवस घेतल्या मी. तेवढ्याच घेतल्या नं पण खऱ्या."

तेजस्विनी रडू लागली. कौशल्याबाईंना तिचा राग आला, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवावासाही वाटला. एकाच वेळी दोन्ही कसं करायचं ते न कळून त्या उठल्या आणि तिच्यासाठी पाणी घेऊन आल्या.

"लिही," त्या म्हणाल्या. "होत असन तं लिही. नाही घेतल्या म्हणून लिही."

पण तिचं नाक पुसून झाल्यावर, परतताना रस्त्यात, कौशल्याबाईंना राग चढत गेला. या वेळी तेजस्विनीचा नव्हे. इतकी वर्षं त्यांनी कुठल्याही साहेबाबद्दल मनात वाकडं आणलं नव्हतं. साहेब लोक असतात, ते येतात, चहा पितात, जातात. आज त्यांना वाटलं, यांनी माझ्या खोट्या दुखण्यावर खाटा वाचवल्या, खर्च वाचवला, टाळ्या वाजवल्या. आता खरं दुखणं आलं तर त्यातही खोटी मीच. गोळ्या न घेणारी. गावातल्या बाया ऐकत नाहीत हो, म्हणून हे उद्या दुसऱ्या मीटिंगमध्ये सांगतील.

शेजारच्या रुखमाच्या घरासमोरून जाताना रुखमा म्हणाली, "का वो कौशल्याबाई, रंग काहून उतरला?" त्यांनी नुसतं, "काही नाही," म्हटलं.

सुनावणी पडद्यावरच होती. तक्रारी ऐकायला माणसाला नागपूर-मुंबई करायला लागू नये, ही सरकारची सोय. उपकेंद्रातली तीच खोली, तीच खुर्ची, तोच लॅपटॉप. त्यासाठीसुद्धा मोबाइलवर सहा आकडे आले आणि कौशल्याबाईंनी तेही वाचून दाखवले. केवळराम धुतलेला सदरा घालून दारापाशी बाकावर बसला. तेजस्विनी बाजूच्या स्टुलावर, माउसवर हात ठेवून. पडद्यावर दोन चौकोन होते. एकात विनोद साहेब, एकात डॉक्टर संजीव.

विनोद साहेब गोड बोलत होते. "कौशल्याबाई, घाबरायचं नाही. आपण घरचेच आहोत. तुम्ही गोळ्या नियमित घेतल्या नाहीत, असं इथे दिसतंय. बरोबर?"

कौशल्याबाईंनी तेजस्विनीकडे पाहिलं. ती खाली पाहत होती.

"हो साहेब," त्या म्हणाल्या. "नाही घेतल्या."

दारातून केवळरामचा खाकरण्याचा आवाज आला.

"बघा, हेच होतं," विनोद साहेब म्हणाले. "औषध फुकट, डॉक्टर घरबसल्या, आणि तरी. मग असं करू. आता तीन महिने नियमित घ्या. आशाताई रोज समोर उभं राहून गोळी देतील, नोंद करतील. तीन महिन्यांनी आराम पडला नाही तर आपण पुन्हा बसू."

तेजस्विनीने झटकन मान वर केली. "सर, तीन महिने नाही चालणार. भंडाऱ्याच्या मॅडमनी याच महिन्यात सांगितलं आहे. रिपोर्ट जोडलाय मी."

"रिपोर्ट मी पाहिला. मॅडमचं म्हणणं असेल. पण नियम सगळ्यांना एकच. अशी एकेकीला पाठवत गेलो तर वर्षभरात खाली आणलेला खर्च पुन्हा तिथेच जाईल, आणि हा सगळा कार्यक्रम कशासाठी केला असं लोक विचारतील. डॉक्टर, तुमचं मत?"

डॉक्टर संजीवांनी हेडफोन नीट केला. ते वाईट माणूस नव्हते, थकलेले होते. "मला आठवतात या बाई," ते म्हणाले. "पहिल्यापासून हीच तक्रार. मी दर वेळी नीट समजावून सांगितलं होतं. पण या लोकांना काय वाटतं, की थोडं बरं वाटलं की गोळ्या बंद."

कौशल्याबाई त्या चौकोनाकडे पाहत राहिल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा तो माणूस मान वर करून बोलत होता. त्याचे डोळे घारे आहेत हे त्यांना आज कळलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तुमाले मी आठवते म्हणता. तं मले एक सांगा. पहिल्यांदा मी आली, तवा किती दिवसांपासून जाते म्हणून सांगतलं होतं मी?"

"ते इथे लिहिलेलं आहे..."

"लिहिलेलं नोका पाहू. आठवते म्हणता नं."

डॉक्टरांनी नजर बाजूच्या नोंदींकडे वळवली. विनोद साहेब म्हणाले, "कौशल्याबाई, विषय तो नाही. आपण मुद्द्यावर राहू या. तेजस्विनी, आवाज नीट येत नाहीये तिकडून. म्यूट करा जरा, मी पुढचं सांगतो."

तेजस्विनीचा हात माउसवर होता. पडद्यावरचा बाण त्या छोट्या माइकच्या चित्रावर जाऊन थांबलेला कौशल्याबाईंना दिसला. एक टिचकी पुरली असती. कौशल्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. जे काही करायचं ते तिचं तिला करू द्यावं, एवढंच त्यांना तिच्यासाठी करता येण्यासारखं होतं.

तेजस्विनीने माउसवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. दुसरा हात त्यावर ठेवला.

"येते सर आवाज," ती म्हणाली. "चांगला येते. बोला तुम्ही मावशी."

कौशल्याबाईंनी पदर खांद्यावर नीट घेतला. आवाज चढवायची त्यांना गरज वाटली नाही.

"मी बिमार नव्हती साहेब. त्या कागदावर हाय त्यातलं मले काहीच झालं नव्हतं. बारा पायजेत म्हणून मी पोछा ठेवून इथं येऊन बसत होती. हे या मॅडमले माहीत होतं. डाक्टर साहेब, तुमालेबी माहीत होतं, नाहीतं एखाद्या दिवशी तरी तुमी मान वर करून पाहिलं असतं. अन् विनोद साहेब, तुमाले तं साऱ्यांच्या आधी माहीत होतं. तुमी कमी केलेला खर्च तो हाच हाय, मायासारखीच्या न झालेल्या बिमारीचा. साऱ्या फोनांत एकच फोन खरा होता, कापणीच्या वक्ताचा. त्या एका दिवशी मी बिमार होती."